आठवीत किती मुलं होती?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत आली आणि दोन दिवसांत तट पडले. दहावीला गणित किंवा विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावं, मात्र या विषयांवर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती कल्पना होती. एका तटाने गुणवत्ता संपल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याने मुलांवरचा ताण उतरला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. वीस की पस्तीस, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. गणितात वीसच्या खाली अडकलेलं मूल दहावीपर्यंत नेमकं काय शिकत होतं, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. गुणवत्ता आणि ताण म्हणजे तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. हे गृहीतच चुकीचं आहे असं मला वाटतं. आपल्या माध्यमिक शाळांनी सुधारणेचं उद्दिष्ट म्हणून दहावीच्या निकालाची टक्केवारी पुढे ठेवली. हे उद्दिष्ट ठरवतात संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी, पण ते गाठायची सगळी जबाबदारी पंधरा वर्षांच्या मुलावर येते. शिकणं खालावतं ते यामुळे, आणि ताण वाढतो तोही यामुळेच. म्हणून उद्दिष्ट बदललं तर दोन्ही एकदम सुधारू शकतात. ते तसंच ठेवून उत्तीर्णतेची रेषा वर सरकवा किंवा खाली, फरक फक्त आकड्यात पडेल.

आकडा किती सहज हलतो ते आपण अलीकडेच पाहिलं आहे. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस अंतर्गत गुण काढले गेले, नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी आला, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये लेखी परीक्षा झालीच नाही आणि निकाल होता ९९.९५ टक्के. एका वर्षात अठरा टक्क्यांनी वर जाणारा हा आकडा मुलांच्या ज्ञानाबद्दल काही सांगतो का? २०१९ ची मुलं मठ्ठ आणि २०२० ची हुशार, असं कोणी म्हणेल का? हा आकडा मंडळाच्या मूल्यमापन योजनेचा होता. तरीही दरवर्षी निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर तोच आकडा लागतो, ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’ असं त्याखाली लिहिलं जातं, आणि जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत पुढच्या वर्षाचं लक्ष्य म्हणूनही तोच सांगितला जातो.

शाळा शंभर टक्के निकाल दोन मार्गांनी लावू शकते. पहिला मार्ग शिकवण्याचा. अनेक शाळा तो प्रामाणिकपणे चालतात. सकाळी लवकर येऊन जादा तास घेणारे, मूल आलं नाही तर त्याच्या घरी जाणारे शिक्षक गावोगाव आहेत. दुसरा मार्ग नववीत आहे, आणि तो माध्यमिक शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. जे मूल दहावीला नापास होण्याची शक्यता दिसते त्याला नववीतच अडवायचं. पालकांना बोलावून घ्यायचं, ‘याला झेपणार नाही, दाखला घेऊन जा’ असं सुचवायचं, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून खासगीरीत्या परीक्षेला बसवायचं. १७ नंबरवाल्यांचा निकाल मंडळ वेगळा जाहीर करतं, त्यामुळे ते मूल शाळेच्या टक्केवारीत येतच नाही. समजा, आठवीच्या वर्गात साठ मुलं होती. दोन वर्षांनी शाळेतर्फे बेचाळीस परीक्षेला बसली आणि बेचाळीसही उत्तीर्ण झाली. फाटकावर शंभर टक्के लिहिलं जाईल, पण मुलांच्या बाजूने मोजलं तर निकाल सत्तर टक्के आहे. उरलेली अठरा कुठे गेली? काहींच्या वडिलांची बदली झाली असेल, काही दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांबरोबर निघून गेली असतील, एखाद्या मुलीचं लग्न लावून टाकलं असेल. पण काहींना शाळेनेच बाहेरची वाट दाखवलेली असेल, आणि शंभर टक्क्यांच्या आकड्यात त्यांचा मागमूसही राहत नाही. जी मुलं वर्गात उरतात ती हे सगळं पाहत असतात. आपण घसरलो तर आपली ही जागा जाऊ शकते, हे त्यांना नववीतच कळतं. मुलांच्या परीक्षेच्या भीतीबद्दल आपण एवढं बोलतो. त्या भीतीत या माहितीचा वाटा किती, याचा विचार करतो का?

निकालावर शाळेची किंमत ठरवण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लोव यांनी प्राथमिक शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेला जोडलं. निरीक्षक यायचा, वाचन, लेखन आणि अंकगणित यांची तोंडी-लेखी तपासणी करायचा आणि उत्तीर्ण मुलामागे शाळेला ठरावीक शिलिंग-पेन्स मिळायचे. कारण पटण्यासारखं होतं: सरकारी पैसा खर्च होतो, तर त्याचं फळ दिसायला हवं. झालं असं की शिक्षक परीक्षेला असलेल्या तीन गोष्टींपलीकडे शिकवेनासे झाले आणि मुलं वाचनाचं पुस्तक अक्षरशः पाठ करून निरीक्षकासमोर म्हणून दाखवू लागली. खुद्द सरकारी निरीक्षकांनीच, शिक्षण यांत्रिक झालं आहे, असं आपल्या अहवालांत लिहिलं. तरी ही पद्धत मोडीत निघायला एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची हीच रीत होती, आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगासमोर तिचा ऊहापोह झाला. आज अनुदानाचं सूत्र तसं उरलेलं नाही. पण विनाअनुदानित शाळेचे प्रवेश आणि अनुदानित शाळेची पटसंख्या दोन्ही निकालावर हलतात, आणि पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत, शिक्षकाचं पद जातं. म्हणजे निकालावर पोट अवलंबून असण्याची ती जुनी रीत फाटकावरच्या फलकातून पुन्हा आत आली आहे. शिक्षकाला दोष देऊन इथे काही साधणार नाही; त्याच्यावरही हाच आकडा लादलेला आहे.

मग परीक्षाच नको, असा निष्कर्ष काही मंडळी काढतात. त्यांच्याशी मी सहमत नाही, आणि इथे विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य केला पाहिजे. मंडळाची परीक्षा गरिबाच्या मुलाच्या बाजूने उभी असते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाचं आडनाव, जात, गाव किंवा वडिलांचा हुद्दा कळत नाही. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतली मुलगी आणि पुण्यातल्या डॉक्टरचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात. ही परीक्षा काढून टाकली तर तिची जागा मुलाखत, ओळख, देणगी आणि इंग्रजी बोलण्याची सफाई घेईल. ज्यांच्या घरात तिसऱ्या पिढीची पदवी आहे त्यांना ‘गुणांना काय महत्त्व’ असं म्हणणं परवडतं. ज्या घरात पहिल्यांदा कोणी दहावीच्या वर्गात पोचलं आहे, त्या घरात ती गुणपत्रिका फ्रेम करून भिंतीवर लावतात, आणि ते योग्यच आहे. परीक्षा टिकली पाहिजे. पण ती मुलाचं मोजमाप करण्यासाठी आहे. शाळेचं मोजमाप तिच्यावरून करायला लागलो की तीच परीक्षा त्या पहिल्या पिढीच्या मुलाला नववीत बाहेर काढायचं कारण बनते, आणि ज्याच्यासाठी ती टिकवायची त्यालाच तिच्यापर्यंत पोचू दिलं जात नाही.

सैल सोडलं तर मुलं शिकणार नाहीत, या आक्षेपातही तथ्य आहे. जपानने २००२ पासून मुलांना मोकळा श्वास मिळावा म्हणून शालेय अभ्यासक्रमाचा सुमारे तीस टक्के भाग कमी केला आणि सगळ्या शनिवारी सुट्टी दिली. हेतू उदात्त होता. पण वरच्या शाळांच्या आणि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा होत्या तशाच राहिल्या. ज्या पालकांना परवडत होतं त्यांनी मोकळे झालेले शनिवार खासगी शिकवण्यांना दिले, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांची मुलं मागे पडतील ही काळजी देशभर पसरली. पुढे आंतरराष्ट्रीय चाचणीत जपानचं स्थान घसरलं तेव्हा गहजब झाला आणि २०११ पासून अभ्यासक्रम पुन्हा वाढवला गेला. आपल्याकडे सीबीएसईने २०१० च्या सुमारास दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं. २०१८ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. मधल्या काळात मुलांनी काय केलं? प्रकल्पांच्या वह्या सजवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच पालकांनी रात्री जागून पूर्ण केल्या. एका परीक्षेचा ताण वर्षभर पसरला, एवढंच. अभ्यासक्रमाला कात्री लावून किंवा उत्तीर्णतेची रेषा खाली आणून ताण कमी होतो, या समजुतीला हे दोन्ही अनुभव पुरेसं उत्तर आहेत.

आपला स्वतःचा अनुभवही तेच सांगतो. गुणवत्ता यादी बंद झाली, सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरणारं ‘बेस्ट फाइव्ह’ आलं, कला-क्रीडेचे वाढीव गुण आले, उत्तीर्ण होणं पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालं. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. ताण कमी झाला का? ज्या घरात पूर्वी ७५ टक्क्यांना पेढे वाटत, त्या घरात आज ९१ टक्क्यांना सुतकी शांतता असते. कारण हव्या त्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या जागा तेवढ्याच आहेत आणि त्यांच्यापुढची रांग टक्क्याच्या दशांशावर लागते. गुण वाढले की रांगेतली माणसं जवळजवळ उभी राहतात, पण जागा वाढत नाहीत. ही टंचाई शाळा दूर करू शकत नाही, हे मला मान्य आहे. तिला सरकारी कनिष्ठ महाविद्यालयं सुधारणं, तंत्रनिकेतनं आणि आयटीआयला मान मिळणं, जिल्ह्याच्या गावी चांगलं विज्ञान महाविद्यालय असणं हीच उत्तरं आहेत. पण दहावीतल्या सगळ्या मुलांचा ताण या रांगेतून येत नाही. रांगेच्या टोकाशी असणारी मुलं थोडी असतात. वृत्तपत्रांतून आपण त्यांच्याबद्दलच वाचतो, कारण लिहिणाऱ्यांची मुलं तिथे असतात.

वर्गाच्या मागच्या निम्म्या बाकांवरचा ताण वेगळा आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत अडखळल्याशिवाय वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. असं मूल आठवीतून नववीत येतं तेव्हा काय होतं याचा विचार करा. आठवीपर्यंत अडवायचं नाही हे धोरण २०१० पासून चालत आलं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा राज्यात २०२३-२४ मध्ये परत आल्या. अपूर्णांक पाचवीत सुटला, म्हणून सातवीत गुणोत्तर कळलं नाही, म्हणून नववीत बीजगणिताच्या फळ्याकडे पाहताना त्याला समीकरण दिसतच नाही, नुसत्या खुणा दिसतात. ते दिवसाला सहा-सात तास न कळणाऱ्या गोष्टीसमोर बसतं. विचारलं तर हसं होईल म्हणून विचारत नाही. वही पूर्ण हवी म्हणून शेजाऱ्याची उतरवून घेतं. जानेवारीत पूर्वपरीक्षा येते आणि आतापर्यंत लपवलेलं सगळं एकदम उघडं पडणार हे त्याला कळतं. याला आपण अभ्यासाचा ताण म्हणतो, पण अभ्यास त्याला करताच येत नाही, हा तो ताण आहे. वीस गुणांची रेषा त्याला फार तर एक वर्ष पुढे ढकलेल. अपूर्णांक कोण शिकवणार?

ताणाकडे आपण शिकण्यापासून अलग काढून पाहतो, त्यामुळे त्यावरचे उपायही शिकवण्याच्या तासाबाहेरच योजले जातात. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. त्यातले खेळ आणि गप्पा मुलांना हव्याच आहेत, पण मग सोमवार ते शुक्रवारचं काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असं त्यात आहे. हे व्हायलाच हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातली होती. प्रत्येक घटनेमागे परीक्षाच होती असं कोणी म्हणू नये. घरची परिस्थिती, आजार, नाती, छळ अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि बोलायला जवळचं माणूस मिळालं तर जीव वाचतात. म्हणून समुपदेशक हवा. पण त्याच्या खोलीत मुलाने मन मोकळं करायचं आणि बाहेर आल्यावर त्याच आठवड्यात चार विषयांच्या चाचण्या, दोन प्रकल्प आणि जादा तास त्याच्यासमोर उभे असायचे, हे किती दिवस चालणार? चाचण्यांचं ते वेळापत्रक शाळेनेच केलेलं असतं. ते बदलायला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

तर शाळेचं उद्दिष्ट कसं असावं? माझी कसोटी एवढीच: ते चुकलं तर झोप कोणाची उडते? मुलाची उडत असेल तर ते उद्दिष्ट शाळेचं नाही. ‘यंदा नव्वदच्या वर पंचवीस मुलं’ हे मुलांवर लावलेलं लक्ष्य आहे. ‘आठवीत आलेल्या ज्या मुलांना जूनमध्ये भागाकार येत नव्हता, त्यांच्यापैकी एकही दिवाळीनंतर त्याच ठिकाणी नसेल’ हे शाळेवर लावलेलं लक्ष्य आहे, आणि ते गाठायला शिक्षकालाच काहीतरी वेगळं करावं लागतं: वर्गाचे पातळीनुसार गट पाडावे लागतात, रोजचा एक तास त्यासाठी मोकळा करावा लागतो, आणि पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याची घाई थोडी बाजूला ठेवावी लागते. करोनानंतर २०२१ मध्ये सेतू अभ्यास आला तेव्हा मुलं मागच्या इयत्तेत मागे राहिली आहेत हे आपण अधिकृतपणे कबूल केलं होतं. पंचेचाळीस दिवसांत तो उरकला, जणू मुलांचं राहिलेलं सगळं भरून निघालं. ती कबुली दरवर्षीच्या जूनची कायमची रीत व्हायला हवी. दुसरं उद्दिष्ट मुलाच्या आठवड्याचं. विषयशिक्षक आपापला गृहपाठ आणि चाचण्या एकमेकांना न विचारता देतात; सगळ्यांची बेरीज फक्त मुलाच्या दप्तरात होते. शिक्षकांच्या खोलीत एक तक्ता लावून ती बेरीज मोठ्यांनी करायची, आठवड्यात दोनांहून अधिक चाचण्या येऊ द्यायच्या नाहीत, आणि चाचणीची वही गुणांऐवजी चूक कुठे झाली ते लिहून चार दिवसांत परत द्यायची. याला ना निधी लागतो ना नवी योजना. आणि यामुळे शिकवण्यात ढिलाई येत नाही, उलट शिक्षकाचं काम वाढतं.

यावर एक आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. नव्या उद्दिष्टांचंही तेच होईल. भागाकार येणाऱ्या मुलांची संख्या कागदावर वाढेल, रकाने भरले जातील. आपल्या शाळांत माहिती भरण्याचं ओझं आधीच एवढं आहे की हा धोका खराच आहे. म्हणूनच या उद्दिष्टांना अनुदान, पदोन्नती किंवा शिक्षा जोडू नये आणि ती मंत्रालयातून एकसारखी पाठवू नयेत. शाळेने आपली उद्दिष्टं आपण ठरवावीत, पालकसभेत वाचून दाखवावीत आणि वर्षअखेर तिथेच हिशेब द्यावा. पालकासमोर खोटं सांगणं कागदापेक्षा कठीण असतं, कारण मूल घरी वाचतं की नाही हे त्याला दिसतं. आणि ज्या शाळेत गणित-विज्ञानाचं पद वर्षानुवर्षं रिक्त आहे, उरलेले शिक्षक निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामावर आहेत, तिच्याकडे उद्दिष्ट मागण्याआधी सरकारने आपलं उद्दिष्ट जाहीर करावं: हे पद कोणत्या तारखेपर्यंत भरलं जाईल?

पालक मात्र गुणच मागतात, असं मुख्याध्यापक सांगतात, आणि ते खरं आहे. पण पालकांपुढे दुसरं काही कधी ठेवलं आहे का? प्रवेश घेताना त्यांना एकच आकडा दिसतो, म्हणून ते तोच मागतात. त्यांना दुसरा आकडा दाखवणं सरकारच्या हातात आहे. प्रत्येक मुलाची नोंद क्रमांकासह संगणकावर आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी सरकारने आणलेल्या ‘सरल’ प्रणालीपासून ती होत आली. कोणत्या शाळेच्या आठवीत किती मुलं होती, त्यांपैकी किती त्याच शाळेतून दहावीला बसली, किती स्थलांतरित झाली, किती १७ नंबरवर गेली आणि किती कुठेच सापडत नाहीत, हे काढायला नवी पाहणी लागणार नाही. मंडळाने येत्या वर्षी प्रत्येक शाळेच्या टक्केवारीशेजारी हा दुसरा रकानाही छापावा.